राखेतून निवडून उचललेलं शहर

फ्रँकफर्टच्या डोमला, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चला, अगदी लागून एक घर उभं आहे. तळमजला लाल वालुकाश्माचा, कमानींवर कोरीवकाम. वरचे मजले लाकडी सांगाड्याचे आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. कोपऱ्यावर भिंतीतून एक सोनेरी हात बाहेर आला आहे, हातात तराजू. त्यावरूनच घराचं नाव पडलं : ‘गोल्डेने वागे’, सोन्याचा तराजू. तळमजल्यावर कॉफी मिळते, वर संग्रहालयाच्या खोल्या आहेत. हे घर कधीचं, असं विचारलं तर १६१९चं म्हणणाराही खरा आणि २०१८चं म्हणणाराही खरा. मधल्या सत्तरेक वर्षांत या जागी घर नव्हतं.

फ्रँकफर्ट म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो, बँकांच्या उंच इमारती आठवतात, फार तर पुस्तकमेळा. त्या उंच इमारतींच्या सावलीत माइन नदीच्या उत्तर काठावर ‘आल्टश्टाट’ आहे, म्हणजे जुनं शहर. त्याची गोष्ट नुसती बांधल्याची आणि पाडल्याची नाही. जळून गेलेल्या शहरातलं काय परत उभं करायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे.

नदीचा उतार

शहराच्या नावातच त्याचं मूळ आहे. ‘फुर्ट’ म्हणजे नदीतला पायउतार. फ्रँक लोकांनी जिथून नदी ओलांडावी, ती ही जागा. शार्लमेन राजाने इसवी सन ७९४मध्ये इथे धर्मसभा भरवली आणि तिच्या कागदपत्रांत या गावाचा पहिला लेखी उल्लेख आला. डोम ज्या उंचवट्यावर आहे तिथे आधी रोमन वस्ती होती, मग राजवाडा झाला. दोन्हींचे अवशेष २०व्या शतकात खणून काढले गेले.

रस्ते आणि नदी जिथे भेटतात तिथे बाजार भरतो. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२४०मध्ये इथल्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षणाची सनद दिली. १३५६च्या ‘सुवर्ण फर्माना’ने जर्मन राजाची निवड फ्रँकफर्टला व्हावी असा नियम घालून दिला. व्यापार आणि राज्य हे गावाचे दोन खांब तिथून पक्के झाले. १४०५मध्ये नगरपरिषदेने ‘र्‍योमर’ नावाचं एका व्यापारी कुटुंबाचं घर आणि त्याच्या शेजारचं घर विकत घेतलं आणि तिथे आपली कचेरी थाटली. महापौर आजही त्याच र्‍योमरमध्ये बसतात.

१५६२पासून सम्राटाचा राज्याभिषेकही बहुतेक वेळा इथेच होऊ लागला. १७९२पर्यंत डोममध्ये असे दहा राज्याभिषेक झाले. अभिषेक आटोपला की नवा सम्राट लवाजम्यासह डोमपासून र्‍योमरपर्यंत चालत यायचा. अंतर दोन-तीन मिनिटांचं, पण साऱ्या साम्राज्याचे डोळे त्या अरुंद रस्त्यावर लागलेले असायचे. र्‍योमरसमोरच्या चौकात अख्खा बैल भाजला जायचा, न्यायदेवतेच्या कारंज्यातून वाइन वाहायची आणि गर्दीत नाणी उधळली जायची. १७६४मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने हा सोहळा पाहिला आणि म्हातारपणी आत्मचरित्रात तो बारकाईने लिहून ठेवला. तो मुलगा म्हणजे पुढे महाकवी झालेला गटे. त्याचं जन्मघर तिथून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्याची एक मावशी कोंबडीबाजाराच्या चौकात राहायची.

मिरवणुकीच्या याच वाटेवर, डोमच्या तोंडाशी, अब्राहम फान हामेल याने सोन्याच्या तराजूचं घर बांधलं. तो मसाल्यांचा व्यापारी आणि मिठाईवाला. स्पॅनिश अमलाखालच्या नेदरलँड्समध्ये कॅल्व्हिनपंथीयांचा छळ सुरू झाला तेव्हा तिकडची शेकडो कुटुंबं फ्रँकफर्टला आली, त्यांपैकी तो एक. लुथरपंथी फ्रँकफर्टने या निर्वासितांचा पैसा आणि हुन्नर घेतला, पण शहराच्या हद्दीत त्यांना उघड प्रार्थना करू दिली नाही. त्यासाठी त्यांना वेशीबाहेर जावं लागे. फान हामेलच्या घराची उंची शेजाऱ्यांच्याही डोळ्यांत सलली आणि तक्रारी झाल्या. पण तो डगमगला नाही. उलट छपरावर कारंज्याची छोटी बाग केली, जिथून डोम आणि नदी दोन्ही दिसत.

घर पुरं झालं १६१९मध्ये, आणि त्याच वर्षी सम्राट झालेला दुसरा फर्डिनांड या घरावरून मिरवत गेला. प्रॉटेस्टंटांचं नामोनिशाण मिटवायला निघालेला कडवा कॅथलिक तो. तीस वर्षांचं युद्ध नुकतंच पेटलं होतं. कॅथलिकांच्या छळातून पळून आलेल्या माणसाच्या नव्या घराखालून हा सम्राट गेला.

आळीच्या वेशी

फान हामेलला निदान हवं तिथे घर बांधता आलं. शहरात असेही लोक होते ज्यांना तीही मुभा नव्हती.

जुन्या तटबंदीला बाहेरून चिकटून, कमानीसारखी वळत जाणारी एक आळी होती. १४६२मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकच्या आदेशावरून शहरातल्या ज्यूंना डोमजवळची घरं सोडून या आळीत राहायला लावलं. लांबी जेमतेम तीनशे मीटर, रुंदी तीन-चार मीटर. दोन्ही टोकांना वेशी. रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांना वेशी बंद. आळी वाढवायला परवानगी नव्हती आणि माणसं तर वाढत होती. मग घरं उभी चिरली गेली, मजल्यावर मजले चढले, परसात घरं झाली. १७व्या शतकाच्या सुरुवातीला त्या ‘युडनगासं’मध्ये, म्हणजे ज्यू आळीत, तीन हजारांच्या आसपास माणसं दाटीवाटीने राहत होती. पुढे साऱ्या युरोपच्या राजांना कर्ज देणाऱ्या रोथशील्ड घराण्याचा मूळपुरुष मायर आम्शेल याच आळीत १७४४मध्ये जन्मला.

फान हामेल घराची स्वप्नं पाहत होता त्याच सुमारास शहरात कारागिरांचा असंतोष उसळला. परिषद मूठभर श्रीमंतांच्या हातात आहे, हिशेब लपवले जातात, कर वाढलेत, या त्यांच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या होत्या. पुढारी होता फिन्सेन्स फेटमिल्श, धंद्याने मसाल्याचा केक करणारा भटारी. पण श्रीमंतांवरचा राग शेवटी दुबळ्यांवर निघाला. २२ ऑगस्ट १६१४ रोजी जमावाने आळीची वेस फोडली आणि घरं लुटली. ज्यूंनी आळीला लागून असलेल्या आपल्या दफनभूमीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शहराबाहेर घालवून दिलं. सम्राटाने अखेर बंड मोडलं. २८ फेब्रुवारी १६१६ रोजी फेटमिल्शचा शिरच्छेद झाला, त्याचं घर जमीनदोस्त केलं गेलं आणि त्याच दिवशी ज्यूंना सरकारी बंदोबस्तात आळीत परत आणलं. त्या परतीची आठवण म्हणून फ्रँकफर्टच्या ज्यूंनी पुढे एक वेगळा सण पाळला. बंडखोरांची मुंडकी पुलाच्या मनोऱ्यावर टांगली होती. गटेच्या लहानपणी त्यांतली एक कवटी अजून तिथे होती.

वेशी मोडायला फ्रेंच तोफा याव्या लागल्या. १७९६च्या तोफमाऱ्यात आळीचा उत्तर भाग जळाला आणि तिथेच राहण्याची सक्ती ढिली पडली. १९व्या शतकात ज्यू शहरभर पसरले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस आळीतली बहुतेक घरं पाडली गेली. नव्या रस्त्याला तिथेच जन्मलेल्या लेखक लुडविग ब्योर्न याचं नाव दिलं गेलं.

गलिच्छ ते गोजिरवाणं

साम्राज्य १८०६मध्ये संपलं आणि राज्याभिषेकही संपले. १८४८मध्ये र्‍योमरजवळच्या पाउल्सकिर्श या चर्चमध्ये जर्मनीची पहिली निवडून आलेली राष्ट्रीय सभा बसली, पण वर्षभरातच तिचा फज्जा उडाला. १८६६मध्ये प्रशियाने हे स्वतंत्र शहर गिळंकृत केलं. पुढच्याच वर्षी डोमला मोठी आग लागली. मध्ययुगात अर्धवट सोडलेला त्याचा मनोरा या आगीनंतरच्या दुरुस्तीत, जुन्या आराखड्याच्या आधारे, पहिल्यांदा पुरा झाला. ‘मध्ययुगीन’ म्हणून आज ज्याचे फोटो काढले जातात त्या मनोऱ्याचं टोक म्हणजे १९व्या शतकाचं काम.

तोवर श्रीमंत लोक पश्चिमेकडच्या प्रशस्त वस्त्यांत राहायला गेले होते. जुन्या शहरात उरले हमाल, शिंपी, खाटीक, भाडेकरू. डोमच्या दक्षिणेला खाटकांच्या उघड्या दुकानांना ‘शिर्न’ म्हणत. तिथल्या गरम सॉसेजसाठी सारं शहर येई, पण तिथे राहायला कुणी तयार नसे. घरं ओली, गल्ल्या अंधाऱ्या, परसात संडास. २०व्या शतकाच्या पहिल्या दशकात ट्राम नेण्यासाठी या दाटीतून ब्राउबाखश्ट्रासं हा सरळ रस्ता काढला गेला आणि कित्येक जुनी घरं तेव्हाच गेली. बॉम्ब पडण्याआधीही जुन्या शहराची पडझड शहरानेच सुरू केली होती, हे सहसा कुणी सांगत नाही.

जुन्या वास्तूंची किंमत लोकांना कळू लागली ती मग. कलेतिहासकार फ्रीड ल्यूबेके यांनी १९२२मध्ये जुन्या शहराच्या मित्रांची संघटना काढली. जुन्या शहराची दुरुस्ती आणि तिथल्या माणसांची सोय, दोन्हीकडे तिने लक्ष घातलं. त्याच काळात ट्रॉयनर बंधूंनी गल्लीबोळांत फिरून एकेका घराचं माप घेतलं, चित्रं काढली आणि सगळ्या आल्टश्टाटची लाकडी प्रतिकृती करायला घेतली. आपण भविष्यासाठी केवढा पुरावा गोळा करतो आहोत, हे त्यांना तेव्हा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

नाझी सत्ता आली तेव्हा व्यापारी आणि ज्यू यांचं शहर ही फ्रँकफर्टची ओळख पुसायची होती. १९३५मध्ये त्याला ‘जर्मन कारागिरीचं शहर’ अशी पदवी दिली गेली. परसातली बांधकामं पाडून, लाकडी दर्शनी भाग उघडे करून जुनं शहर ‘निरोगी’ करण्याचा कार्यक्रम निघाला. गलिच्छ गल्ल्या एकाएकी गोजिरवाण्या झाल्या. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यू आळीजवळच्या ब्योर्नप्लाट्झ या चौकातलं सिनगॉग जाळलं गेलं. १९४१पासून शहरातल्या ज्यूंना घाऊक भाजीबाजाराच्या तळघरात गोळा करून रेल्वेने पूर्वेकडे रवाना केलं जाऊ लागलं. लाकडी घरांना आग लागली त्याच्या आधीच त्या शहरातली ज्यू माणसं नाहीशी केली गेली होती.

मार्च १९४४

१९४०पासून नगरपालिकेने एक शहाणपणाचं काम केलं होतं. आल्टश्टाटच्या घरांखालची तळघरं भिंती फोडून एकमेकांना जोडली होती. वरची वस्ती पेटली तर खालून चालत बाहेर पडता यावं, यासाठी. एक वाट नदीकडे निघे, एक र्‍योमरसमोरच्या चौकात, न्यायदेवतेच्या कारंज्यापाशी.

१८ मार्च १९४४च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाची आठशेहून जास्त विमानं आली. चार दिवसांनी, २२ मार्चला, पुन्हा तेवढीच. शतकानुशतकं वाळलेलं ओकचं लाकूड, मधे माती आणि पेंढा, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरासमोरचे मजले वर जवळजवळ टेकलेले. अशा वस्तीवर आगलावे बॉम्ब पडले की विझवायला जायलाही वाट उरत नाही. २२ मार्चच्या रात्री हजाराच्या आसपास माणसं मेली. शेकडो माणसं त्या तळघरांच्या वाटेने, धुरातून, कारंज्यापाशी वर आली म्हणून वाचली. ज्या चौकात राज्याभिषेकाला वाइन वाहायची, तिथेच ही माणसं जमिनीतून बाहेर पडली.

जुन्या शहरात सुमारे साडेबाराशे लाकडी सांगाड्याची घरं होती. नदीकाठचं ‘हाउस वेर्टहाइम’ एवढं एकच घर जवळजवळ धक्का न लागता उरलं. डोमचा मनोरा उभा राहिला, र्‍योमरच्या दर्शनी भिंती उरल्या. सोन्याच्या तराजूचे वरचे मजले गेले. गटेचं जन्मघरही त्याच २२ मार्चला पडलं. गटे वारला तो दिवसही २२ मार्च, साल १८३२.

काय उचलायचं?

युद्ध संपलं आणि वाद सुरू झाला. गटेच्या घरातलं सामान आधीच सुरक्षित हलवलेलं होतं. ते सांभाळणाऱ्या संस्थेचे संचालक एर्न्स्ट बॉइटलर यांनी घर होतं तसं पुन्हा बांधायचं ठरवलं. पत्रकार वाल्टर डिर्क्स यांनी १९४७मध्ये विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की हे घर नुसतं अपघाताने पडलेलं नाही. या देशाने जे केलं त्याचा तो परिणाम आहे, आणि तो मान्य करून निरोप घेण्याचं धैर्य आपण दाखवलं पाहिजे. डिर्क्स हरले. १९५१मध्ये घर उघडलं आणि आज बहुतेक पाहुण्यांना ते मूळचंच वाटतं. पाउल्सकिर्शच्या बाबतीत मात्र उलट निर्णय झाला. राष्ट्रीय सभेच्या शताब्दीला, मे १९४८मध्ये, ते पुन्हा खुलं झालं ते जुना थाट टाळून, साध्या पांढऱ्या सभागृहाच्या रूपात. एकाच शहराने, तीन वर्षांच्या अंतराने, दोन वास्तूंबद्दल दोन उत्तरं दिली.

उरलेल्या आल्टश्टाटवर पन्नाशीच्या दशकात साध्या, हवेशीर चाळीवजा इमारती झाल्या. बेघरांना घर हवं होतं, कोरीव तुळया नव्हे. डोम आणि र्‍योमर यांच्यामधला मोकळा पट्टा वर्षानुवर्षं गाड्या उभ्या करायला वापरला गेला. सत्तरच्या दशकात त्याखालून भुयारी रेल्वे गेली आणि वर महापालिकेच्या तांत्रिक विभागांसाठी काँक्रीटची अवाढव्य इमारत आली. लोकांना ती कधीच आवडली नाही.

१९८१ ते १९८४ या काळात र्‍योमरसमोरच्या चौकाच्या पूर्वेची लाकडी घरांची रांग जुन्या नमुन्याप्रमाणे बांधली गेली. पर्यटक खूश झाले, वास्तुरचनाकारांनी नाकं मुरडली.

मग आलं १९८७. ब्योर्नप्लाट्झवर नगरपालिकेच्या वीज-पाणी खात्याची इमारत उभी करण्यासाठी पाया खणताना ज्यू आळीतल्या एकोणीस घरांची जोती आणि धार्मिक स्नानाची कुंडं लागली. नक्कल नव्हे, अस्सल दगड. लोकांनी जागा ताब्यात घेऊन बांधकाम अडवलं, पोलिसांनी त्यांना उठवलं. अखेर तडजोड झाली : इमारत होणार, पाच घरांचे अवशेष तिच्या तळघरात जपले जाणार. १९९२मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. चौकात हरवलेली घरं नव्याने बांधायला ज्या शहराकडे पैसा होता, त्याच शहराने तीन वर्षांनी सापडलेल्या खऱ्या जोत्यांपैकी बहुतेक उखडून टाकली.

२००५मध्ये काँक्रीटची ती इमारत पाडायचं ठरलं आणि जागेसाठी स्पर्धा झाली. पहिला आलेला आराखडा आधुनिक होता. नागरिकांनी एवढा गदारोळ केला की सप्टेंबर २००७मध्ये नगरपरिषदेने जुनी गल्लीरचना परत आणण्याचा निर्णय घेतला. सात हजार चौरस मीटरवर पस्तीस घरं आली : पंधरा जुन्यांच्या प्रतिकृती, वीस नवी पण जुन्या चौकटीत बसणारी. फोटो, मापं, ट्रॉयनर बंधूंची प्रतिकृती आणि ढिगाऱ्यातून जपलेले कोरीव दगड कामी आले. खर्च सुमारे २० कोटी युरो. मे २०१८मध्ये कुंपण निघालं. कोंबडीबाजाराच्या चौकात शहराच्या लाडक्या बोलीकवीचं, फ्रीडरिश श्टोल्ट्सचं, कारंजंही परत आलं. सगळ्याच्या खाली वाहनतळ आणि भुयारी रेल्वेचं स्थानक आहे.

त्याच वर्षी वास्तुरचनेचे अभ्यासक श्टेफान ट्र्यूबी यांनी दाखवून दिलं, की पुनर्बांधणीचा पहिला ठराव उजव्या विचारांच्या एका लेखकाने लिहिला होता. जखम पुसायची आणि ‘चांगले जुने दिवस’ तेवढे उभे करायचे, असा हा डाव असल्याचा त्यांचा आरोप होता. समर्थक म्हणाले, आम्हाला फक्त आमची गल्ली परत हवी होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुन्हा बांधलेलं घर खोटं असतं असं मला वाटत नाही. डोमचा मनोरा खोटा नसेल तर सोन्याचा तराजूही खोटा नाही. पाहायचं ते एवढंच की निवड कशाची झाली. सम्राट ज्या वाटेने चालत गेले ती वाट बांधली गेली. वेशी असलेली आळी मात्र तळघरात गेली.

डोमपासून दहा मिनिटं पूर्वेला चालत गेलं की ज्यूंची जुनी दफनभूमी लागते. तिथल्या सगळ्यात जुन्या शिळा १३व्या शतकातल्या आहेत. १६१४च्या त्या रात्री माणसं इथेच जमली होती. तिच्या बाहेरच्या भिंतीत १९९६पासून धातूचे छोटे ठोकळे बसवले आहेत. प्रत्येकावर एक नाव, जन्माची तारीख आणि माहीत असेल तिथे मरणाची जागा. एका ठोकळ्यावर या शहरात जन्मलेल्या आन फ्रांकचं नाव आहे. येणारे लोक ठोकळ्यांवर खडे ठेवून जातात. ठोकळ्यांची संख्या सुमारे १२ हजार आहे.